असल्यास, नसल्यास

वर्तमानपत्राच्या कचेरीत त्याला सगळे शंकासुर म्हणत आणि हे नाव त्याने स्वतःच्या मेहनतीने कमावलं होतं. सव्वीस वर्षं तो छोट्या जाहिरातींची प्रुफं तपासत आला होता. घर भाड्याने देणे आहे, शिलाई मशीन विकणे आहे, छत्री सापडली आहे, ओळख पटवून न्यावी. अशा चार-चार ओळींत माणसं किती लपवतात हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नसेल. 'हवेशीर' म्हणजे खिडकी नीट लागत नाही. 'शांत परिसर' म्हणजे तिथे बस जात नाही. 'मालक मनमिळाऊ' म्हणजे तो रोज संध्याकाळी येऊन बसणार आणि उठणार नाही. हा त्याचा खास शब्दकोश तो जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्यांना ऐकवी. कॅन्टीनवालीने चहात साखर कमी घातली तर त्याला आधी वाटे, साखर संपली असेल. मग वाटे, आपल्यालाच कमी घातली.

त्याची थट्टा सगळे करत, पण त्याच्या शंकांनी कचेरीची अब्रू कितीदा तरी वाचवली होती हेही सांगायला हवं. एका श्रद्धांजलीत 'दुःखद निधन'चं 'सुखद निधन' झालेलं त्यानेच पकडलं. एका दंतवैद्याचं 'दात बसवून मिळेल' टाइप होऊन आलं ते 'लात बसवून मिळेल' असं, तेही त्याच्याच नजरेने अडवलं. त्याचा नियम एकच होता. शंका आली की पेन खाली ठेवायचं, दोन मजले उतरायचे आणि जाहिरातदाराने स्वतःच्या हाताने भरलेली मूळ चिठ्ठी पत्र्याच्या पेटीतून काढून बघायची. मूळ चिठ्ठी बघितल्याशिवाय खोडायचं नाही. नवीन आलेल्या प्रत्येक तपासणाऱ्याला तो हे पहिल्याच दिवशी इतक्यांदा ऐकवी की त्यांना त्याचा वीट येई.

त्याच्या घरी बायको होती आणि दोन कुत्री होती. बायको शहरातल्या मोठ्या रुग्णालयात रक्ततपासणी करायची आणि सकाळी सातला तिला कामावर हजर व्हावं लागे. कुत्री छापखान्याच्या मागे, कागदाच्या रिळांच्या आडोशाला सापडलेली. तेव्हा ती इतकी लहान होती की बायकोने त्यांना प्रयोगशाळेतल्या ड्रॉपरने दूध पाजलं. ती पुढे केवढी होतील, याची शंका शंकासुरालाही आली नाही. वर्षभरात काळा कुत्रा बायकोच्या कमरेला लागला. तो भुंकला की 'रफ्' असा आवाज येई, म्हणून त्याचं नाव रफार. तपकिरी कुत्रीचं शेपूट पाठीवर वळलेलं, म्हणून ती वेलांटी. दोघंही स्वभावाने गरीब होती. पण स्वभाव काही फाटकाबाहेरून दिसत नाही, आकार दिसतो.

अकरा वर्षं राहत होते ते शहरातलं घर मालकाने विकायला काढलं आणि महिनाअखेर जागा रिकामी करा म्हणून सांगितलं. शहरात अंगण असलेलं घर परवडणारं नव्हतं, म्हणून मग उपनगरं धुंडाळणं सुरू झालं. अट एकच होती, की तिथून शहरात थेट गाडी हवी. पहाटे उठून दोनदा गाडी बदलायची म्हणजे बायकोचा जीव मेटाकुटीला आला असता. घरं मिळत होती, गाड्याही होत्या. घोडं पेंड खात होतं ते कुत्र्यांपाशी. एका मालकाने फोनवर 'चालतील की' म्हटलं आणि रफारला बघताच फाटकाला आतून कडी घातली. एका संकुलात नियम निघाला, की गुडघ्यापेक्षा उंच प्राणी ठेवता येणार नाही. शंकासुराने विचारलं, गुडघा कोणाचा? त्यावर सचिवाने फोनच ठेवला. एक बाई म्हणाल्या, कुत्री आणा, पण ती भुंकणार नाहीत असं लिहून द्या. होता होता सतरा घरं झाली. शेवटी शेवटी तो फोनवर कुत्री लहान करून सांगू लागला. 'मध्यम' म्हणू लागला. पण प्रत्यक्ष गेल्यावर ती मध्यम होत नसत.

मेहुण्याची लाकडाची वखार होती, शहरापासून बरीच लांब. त्याने आपणहून प्रस्ताव मांडला. कुत्री मला द्या, तुम्ही कुठेही दोन खोल्या बघा. दिवसा साखळीला बांधू, रात्री मोकळी सोडू, मजेत राहतील. शंकासुराला लगेच दिसलं की याला दोन फुकटचे पहारेकरी हवे आहेत, आणि ते खरंही होतं. बायकोने भावाचं ऐकून घेतलं. तिने उठून कुत्र्यांच्या भांड्यातलं पाणी बदललं, थोड्या वेळाने पुन्हा बदललं. आजवर त्या दोघांच्या गळ्यात साखळी कधी पडली नव्हती. आता महिनाअखेरीपर्यंत घर मिळालं नाही तर पडणार होती.

अशातच एका मंगळवारी दुपारी, सतराव्या मालकाचा नकार नुकताच कानात पडलेला असताना, त्याच्या पुढ्यात एक प्रूफ आलं. 'उपनगरात तळमजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे बंदिस्त अंगण. स्टेशन सात मिनिटे. शहरात थेट गाडी. मोठी कुत्री असल्यास प्राधान्य.'

तो वाचता वाचता थांबला आणि हसला. ते हसू चांगलं नव्हतं. काय घर आहे, आणि बघा, इथेही आपल्याला दार बंद, वर टाइप करणाऱ्याने चूक करून आपली थट्टा केलीय. 'असल्यास'? असं कोण लिहितं? त्याने लाल पेनाने अ कापला आणि समासात न लिहिला. नसल्यास. चूक पकडल्याचं त्याला नेहमीसारखं बरंसुद्धा वाटलं. मग पुढची जाहिरात घेतली.

तो जिना उतरला नाही. गुडघा दुखत होता असं पुढे कितीतरी दिवस तो स्वतःला सांगत राहिला, पण ते कारण नव्हतं. शंका आली असती तर तो दुखऱ्या गुडघ्याने उतरला असता. त्या दिवशी सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्याला शंका आली नाही. त्याला खात्री होती.

तेरा दिवसांनी, सोमवारी, विभागप्रमुखाने एक पत्र त्याच्या टेबलावर ठेवलं. साध्या कागदावर निळ्या शाईचं, पट्टी लावल्यासारखं सरळ अक्षर. जाहिरात देणाऱ्या बाईंनी कळवलं होतं की त्यांनी 'असल्यास' लिहून दिलं होतं, पेपराने 'नसल्यास' छापलं. जाहिरात वाचून आजवर नऊ कुटुंबं घर बघायला आली, एकाकडेही कुत्रं नव्हतं आणि त्या सगळ्यांना त्यांनी परत पाठवलं. जाहिरात दुरुस्त करून पुन्हा छापावी. शेवटची ओळ अशी होती: 'ज्या कागदावर ही चूक झाली तो कागद मला पाहायचा आहे.'

विभागप्रमुख म्हणाले, दुरुस्ती येत्या रविवारच्या अंकात जाईल, प्रुफाची झेरॉक्स मी आजच टपालाने पाठवली. मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, तो न कोणाचा? विभागात तपासणारे तिघं होते आणि प्रुफावर सही करायची पद्धत नव्हती. शंकासुर म्हणाला, बघतो.

तो जिना उतरला. पेटीतून मूळ चिठ्ठी काढली. तेच निळं अक्षर. 'असल्यास'खाली पट्टीने दोन रेघा मारलेल्या होत्या, म्हणजे लिहिणारीलाही ठाऊक होतं की लोकांना हे खरं वाटायचं नाही. त्याला लाज वाटली, मनापासून वाटली. चिठ्ठी हातात धरून तो पेटीशेजारच्या स्टुलावर बसून राहिला.

पण तो शंकासुर होता. जिना चढून वर येईपर्यंत लाज मागे पडली आणि मनात शंकेची पाल चुकचुकू लागली. मोठी कुत्री कोणाला हवी असतात? त्या भागात चोऱ्या होत असतील, तर बाईला फुकटचा पहारा हवा असेल, म्हणजे ही मेहुण्याच्याच जातकुळीतली. शेजाऱ्याशी भांडण असेल आणि त्याच्यावर भुंकायला कोणीतरी हवं असेल. घरात घुशी असतील. नाहीतर त्या घरात असं काही घडलं असेल की बिनकुत्र्याचा माणूस तिथे झोपूच शकत नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं हे नक्की. तरीही चिठ्ठीवरचा फोन नंबर त्याने तळहातावर उतरवून घेतला होता. रविवारी दुरुस्ती छापून आली की दहा जण धावतील. त्याआधी हातात एक शनिवार होता आणि महिना संपायला आठ दिवस.

फोन बाईंनीच उचलला. जागा रिकामी आहे का, त्याने विचारलं. उत्तराऐवजी प्रश्न आला, की कुत्री आहेत का? दोन आहेत, तो म्हणाला. किती मोठी? 'मध्यम' त्याच्या जिभेवर आलं होतं, ते त्याने गिळलं आणि 'मोठी' म्हणाला. शनिवारी चारला घेऊन या, बाई म्हणाल्या आणि फोन बंद झाला. नाव नाही, धंदा नाही, माणसं किती ते नाही. इतकं कमी विचारणारी बाई त्याला भेटली नव्हती. त्याचा संशय दुणावला.

बायकोला त्याने फक्त इतकंच सांगितलं, की एक घर कानावर आलंय. तिने विचारलं, कोणाकडून? तो म्हणाला, कचेरीतून. दोन्ही वाक्यं तशी खोटी नव्हती आणि दोन्ही त्याला बोचली.

शुक्रवारी तो लवकर निघून एकटाच तो भाग बघून आला. घड्याळ लावून मोजलं. गाडीला एक्केचाळीस मिनिटं लागली, स्टेशनपासून फाटकापर्यंत साडेसहा. जाहिरातीत सात लिहिलं होतं. मालकाने वेळ वाढवून सांगितल्याचं त्याने उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्याला आणखीनच घोर लागला. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे काडेपेटी घेता घेता त्याने चौकशी केली, की त्या घरात काही झालं होतं का. झालं काही नाही, किराणावाला म्हणाला, पण भाडेकरू टिकत नाहीत. का? कोण जाणे. बाई रेल्वेत तिकीट तपासनीस होत्या, कडक आहेत. भाडेकरू टिकत नाहीत, हे वाक्य तो गाडीभर मनात घोळवत आला.

शनिवारी मेहुण्याचा टेम्पो बोलावला, कारण दोन्ही कुत्र्यांना घेऊन गाडीत चढणं शक्य नव्हतं. मेहुणा मोठ्या उत्साहात होता. टेम्पोच्या मागच्या बाजूला, भुशावर, दोन नव्याकोऱ्या साखळ्या पडलेल्या होत्या. घर जमलं नाही तर कशाला दोन खेपा, म्हणाला, इथूनच वखारीवर नेतो. बायकोने साखळ्यांकडे एकदा पाहिलं आणि सबंध रस्ताभर वेलांटीच्या पाठीवर हात ठेवून बसली. मेहुणा रस्त्यावरच थांबला. इंजिन त्याने बंद केलं नाही.

तपासनीस बाई साठीच्या पुढच्या, उंच, केस आखूड कापलेले. त्या वरच्या मजल्यावर राहत, खालचा मजला भाड्याचा. त्यांनी आधी कुत्र्यांकडे पाहिलं, मग कुत्र्यांच्या मालकांकडे, आणि दार उघडून बाजूला झाल्या. रफार आत जाऊन सगळ्या खोल्यांचा वास घेऊ लागला आणि त्याच्यामागून शंकासुरही जवळजवळ तेच करू लागला. त्याने भिंतीवर बोटांनी टकटक केलं. खिडकीखाली तळहात लावून ओल बघितली. ओल नव्हती, भिंत कोरडी ठणठणीत होती. नळाला पाणी होतं. फरशी एका रेषेत होती. मग मागच्या दाराशी तो थबकला. दाराच्या खालच्या भागात, गुडघ्याच्या उंचीला, लाकडावर खोल ओरखडे होते. कोणीतरी बाहेर पडायला धडपडलं असावं तसे. सगळ्या घराला रंग दिला होता, फक्त या दाराला दिला नव्हता. त्याने बायकोला डोळ्यांनी खूण केली. पण बायको स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून अंगणाकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं की तिने मनातल्या मनात भांडीसुद्धा लावून टाकली आहेत. तो घाबरला. आता नकार आला तर हिला आवरायचं कसं?

बाहेरच्या खोलीतल्या टेबलाभोवती तिघं बसली. वेलांटी उंबऱ्यावर आडवी पसरली आणि तिने दार अडवलं. शंकासुराने मग राहवेना म्हणून विचारलंच.

"बाई, राग मानू नका. पण सगळे मोठ्या कुत्र्यांना नको म्हणतात. तुम्हाला का हवीत?"

बाईंनी मागच्या दाराकडे पाहिलं.

"त्या दाराला रंग का नाही, हे विचारायचंय ना तुम्हाला? मघापासून बघताय." मग त्यांनी सांगितलं. खाली एक म्हातारे घड्याळदुरुस्तीवाले राहत होते, त्यांचा एक दांडगा कुत्रा होता. सकाळी अंगणात जायची घाई झाली की तो दार खरवडायचा. चौदा वर्षं ते दोघं राहिले. आधी कुत्रा गेला, मग घड्याळवाले. त्यानंतरच्या पाच वर्षांत सहा भाडेकरू झाले. सगळी चांगली माणसं, वेळेवर भाडं देणारी. पण शहराजवळ, स्टेशनजवळ, नवीन, मोठं, काहीतरी मिळालं की निघून जात. बाईंना त्याचा राग नव्हता. "पण मी वर एकटी असते. खालच्या पावलांचा आवाज ओळखीचा व्हायला वर्ष जातं. ओळखीचा झाला, की ती पावलं सामान बांधायला लागतात. म्हणून म्हटलं, आता कुत्रेवालाच बघायचा. तो सोडून जाणार नाही. त्याला दुसरं कोण घर देतंय?"

हे त्यांनी इतक्या सरळपणे सांगितलं की शंकासुराला त्यात बोट शिरवायला कुठे फट सापडेना. उलट त्याला हायसं वाटलं. मायेपोटी कुत्री हवीत म्हणाल्या असत्या तर त्याने विश्वास ठेवला नसता. हे कारण हिशेबी होतं, म्हणून खरं होतं. त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं आणि तो खुर्चीत मागे टेकला.

तेवढ्यात बाईंनी टेबलाच्या खणातून एक घडी केलेला कागद काढला आणि त्यावर हात ठेवला.

"आता माझा एक प्रश्न. पेपरात छापलंय, कुत्री नसल्यास. दुरुस्ती उद्या यायचीय. मग तुम्ही दोन कुत्री घेऊन आज इथे कसे आलात?"

शंकासुराने खिडकीबाहेर पाहिलं.

बाई म्हणाल्या, "एकतीस वर्षं मी तिकिटं तपासली. तिकीट असलेला माणूस आधी खिसे चाचपतो. नसलेला खिडकीबाहेर बघतो."

खिडकीबाहेर मेहुण्याचा टेम्पो घरघरत होता. खोटं बोलायला जागा भरपूर होती. कानावर आलं म्हणता आलं असतं, किराणावाल्याचं नाव घेता आलं असतं, बायकोला सांगितलं होतं तेच पुन्हा सांगता आलं असतं. चार ओळींत माणसं काय काय लपवतात हे तो सव्वीस वर्षं शिकला होता. पण बायको त्याच्याकडे बघत होती, आणि तिलाही त्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं.

"तो न माझा आहे," तो म्हणाला.

बाईंनी घडी उलगडली. झेरॉक्समध्ये लाल शाई काळी झाली होती. समासातला न मात्र चांगला टपोरा उमटला होता. "तीन दिवस मी याच्याकडे बघतेय," त्या म्हणाल्या. "निष्काळजी माणसाचा म्हणावा, तर निष्काळजी माणूस इतका नीट न काढत नाही. माझी मूळ चिठ्ठी का नाही बघितलीत?"

"नेहमी बघतो."

"मग तेव्हा?"

शंकासुराने टेबलाच्या कडेवर बोट फिरवलं. "सतरा घरं बघून झाली होती, बाई. असं कोणी लिहील हे मनातच आलं नाही. आम्हाला कोणी या म्हणत असेल, असं वाटायचंच बंद झालं होतं. म्हणून मी ते चूक समजून खोडलं."

बायकोचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. तो न पडल्यानंतरच्या दिवसांत तिने सुट्टीत उभ्याउभ्या किती फोन केले होते, किती माणसांच्या विनवण्या केल्या होत्या, आणि हे घर तेव्हापासून रिकामं होतं. ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, "मला का नाही सांगितलंत?" ती जायला उठली. ज्या बाईच्या घरून नऊ कुटुंबं आपल्या नवऱ्यामुळे परत गेली तिच्यापुढे बसून राहायची तिला शरम वाटली. पण उंबऱ्यावर वेलांटी होती, आणि वेलांटीला हलवणं हे दोघांचं काम होतं. बायको तिथेच पाठमोरी उभी राहिली.

बाहेर हॉर्न वाजला. एकदा, मग लांबलचक.

कोण आहे तो, बाईंनी विचारलं. बायकोने दाराकडे तोंड ठेवूनच सांगितलं, की तिचा भाऊ आहे, त्याची वखार आहे, घर मिळालं नाही तर या दोघांना तो नेणार आहे. मग साखळ्यांचंही सांगितलं. ते सांगताना तिला रडू आवरलं नाही.

बाई उठल्या. खिडकीपाशी गेल्या, खिडकी पूर्ण उघडली आणि फलाटाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "टेम्पोवाले, गाडी काढा. तुम्हाला न्यायला इथे काही नाहीये."

मेहुण्याने काहीतरी विचारलं असावं, कारण बाईंनी तेच वाक्य पुन्हा एकदा, शब्द न बदलता म्हटलं. मग इंजिनाचा आवाज लांब जाऊ लागला. रफारने कान टवकारले आणि पुन्हा पाडले.

करारनामा बाईंनी स्वतः लिहिला, निळ्या शाईने, एकेक ओळ पट्टीवर टेकवून. बायको तोंड धुऊन आली आणि नवऱ्याच्या शेजारी बसली, जरा अंतर राखून. बाईंनी कागद त्याच्याकडे सरकवला आणि वाचून सही करा म्हणाल्या. सवयीने त्याचा हात खिशाकडे गेला आणि लाल पेन बाहेर आलं. त्याने पहिल्या शब्दापासून वाचायला सुरुवात केली. तळमजला बरोबर. अंगण बरोबर. कुत्री दोन, मोठी, बरोबर. मग तो अडखळला.

'मुदत : दहा वर्षे.'

इतक्या वर्षांत त्याने हजारो घरांच्या जाहिराती वाचल्या होत्या. दहा महिने वाचले होते, वर्ष वाचलं होतं, फार तर तीन. दहा वर्षं कोणी देत नाही. लिहिता लिहिता बाईंचा हात चुकला असणार, 'महिने' लिहायचं असणार. पेनाचं टोक 'वर्षे'च्या वर येऊन थांबलं. बायको त्या टोकाकडे बघत होती. बाईही बघत होत्या.

त्याने पेन वर उचललं.

"बाई, हे वर्षे... बरोबर आहे ना?"

"मूळ चिठ्ठी तुमच्या हातात आहे," बाई म्हणाल्या. "नीट बघून घ्या."

त्याने बघितलं. 'वर्षे'खाली पट्टीने मारलेल्या दोन रेघा होत्या. शंकासुराने लाल पेन खिशात परत खोचलं आणि सही करायला बाईंचं निळं पेन मागून घेतलं.